सल्ला : ‘याचं रक्तच तसं आहे’ असं घरचे म्हणतात

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. ते सदरात घेण्यास तुम्ही संमती दिली आहे, म्हणून ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातला आशय वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या ताईंचा मुलगा चौदा वर्षांचा असून नववीत शिकतो. वडील मालट्रक चालवतात आणि महिन्यातले पाच-सहा दिवसच घरी असतात. पूर्वी ते दारू पिऊन मारहाण करीत, गेली अडीच वर्षे दारू बंद आहे. ताई पहाटे साडेचारला उठून डबे करतात आणि संध्याकाळी पुन्हा एका खाणावळीत पोळ्या लाटायला जातात. गेल्या वर्षभरात मुलाने आजीची कुडी विकली, धाकट्या बहिणीचा गल्ला फोडला, वर्गातल्या एका मुलाच्या दंडात कर्कटक खुपसले, शाळेच्या बसची काच फोडली, दोनदा रात्रभर घराबाहेर राहिला आणि गल्लीतल्या एका कुत्र्याला इतके दगड मारले की ते अजून लंगडते. मुख्याध्यापकांनी दाखला घेऊन जाण्यास सांगितले आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘कंडक्ट डिसऑर्डर असू शकतो’ असे सांगून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला सुचवले, पण घरात त्यावरूनच भांडण पेटले आहे.

भांडण कशावरून, याची तुम्ही यादीच दिली आहे. सासूबाई म्हणतात, “रक्तातच आहे, बापाकडं बघूनच ओळखायचं.” दीर म्हणतात, “लाडानं वाया गेलाय. पोलीस ठाण्यात नेऊन दम भरा, नाहीतर हॉस्टेलला टाका.” वर्गशिक्षकांच्या मते घरात संस्कार नाहीत, तुमच्या भावाच्या मते मोबाइल, आणि यजमानांच्या मते कारण तुम्हीच, कारण आई दोन्ही वेळा बाहेर असते. या सगळ्यांच्या खाली, कागदाच्या समासात, उभ्या ओळीत आणि अगदी बारीक अक्षरात तुम्ही लिहिले आहे, “गरोदर होते तेव्हा मिश्री लावायचे, त्यानं झालं का हो?”

सहा माणसे आणि सहा कारणे झाली. मी प्रत्येकाविषयी लिहीन, पण त्यांना सारखी जागा देणार नाही, कारण त्यांचे वजन सारखे नाही. आणि तुम्ही पत्रात सहज, जाता जाता लिहून गेलेल्या एका ओळीला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे. ती ओळ या सहांपैकी कोणाच्याही बोलण्यात आलेली नाही.

आधी त्या नावाविषयी. कंडक्ट डिसऑर्डर, मराठीत वर्तनविकार, हे चोरट्या किंवा मारकुट्या मुलाला दिलेले भारदस्त नाव नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि आपल्याकडेही वापरल्या जाणाऱ्या निदानपुस्तिकेत त्यासाठी पंधरा प्रकारची वर्तने चार गटांत दिली आहेत : माणसांना व प्राण्यांना इजा, मालमत्तेची नासधूस, चोरी व फसवणूक, आणि गंभीर नियमभंग. त्यांपैकी निदान तीन गेल्या बारा महिन्यांत आणि निदान एक गेल्या सहा महिन्यांत घडलेले असावे लागते; शिवाय त्यामुळे मुलाच्या शाळेत, घरात, मित्रांत खरोखर अडचण येत असावी लागते. पत्रावरून निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणारही नाही, परंतु तुम्ही लिहिलेल्या गोष्टी चारही गटांत विखुरलेल्या आहेत, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी उगाच घाबरवले असे मला वाटत नाही. एखाद्या वेळी शाळा बुडवून नदीवर जाणे किंवा कैऱ्या चोरणे यात आणि या चित्रात फरक आहे.

याच पुस्तिकेत आणखी एक भेद केलेला आहे, आणि तो कारणांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे : पहिले लक्षण दहा वर्षांच्या आत दिसले की नंतर. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 या एका वर्षात जन्मलेल्या 1,037 मुलांचा अभ्यास आज ती पन्नाशीला आली तरी चालू आहे. त्या अभ्यासात काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये असे मांडले की वरून सारखेच दिसणारे हे वर्तन दोन वेगळ्या वाटांनी येते. एका वाटेवरची मुले बारा-तेरा वर्षांपर्यंत बरी असतात आणि मिसरूड फुटताना, बरोबरीच्या मुलांचे पाहून, मोठे झाल्याचा आव आणत नियम मोडू लागतात. यांतली बरीचशी पुढे सावरतात. दुसऱ्या वाटेवर मूल लहानपणापासूनच चंचल, भडकू, भाषेत किंवा लक्ष देण्यात मागे पडलेले असते, आणि त्यातच घरातले वातावरण कठीण असले की दोन्ही गोष्टी एकमेकींना वर्षानुवर्षे खतपाणी घालतात. तुमच्या पत्रात पहिलीतल्या मारामारीचा आणि शेजारच्या मुलाच्या डोक्यात घातलेल्या दगडाचा उल्लेख आहे. म्हणजे सुरुवात दहाच्या आत झालेली आहे. हे वाचून धीर सोडू नका. अमेरिकेत सेंट लुईस शहरातल्या एका बालमार्गदर्शन दवाखान्यात येऊन गेलेल्या 524 मुलांचा ली रॉबिन्स यांनी तीस वर्षांनंतर माग काढला आणि 1966 मध्ये जे प्रसिद्ध केले त्याचा एक निष्कर्ष आजही टिकून आहे : गुन्हेगार वृत्तीच्या प्रौढांचे बालपण बहुधा असे असते, परंतु असे बालपण असलेली बहुतेक मुले तशी प्रौढ होत नाहीत. घरातली माणसे या वाक्याचा पहिला अर्धाच ऐकतात.

आता सासूबाईंच्या रक्ताकडे येऊ. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अनेक अभ्यासांवरून असे दिसते की समाजविरोधी वर्तनाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के भाग आनुवंशिक फरकांशी जोडता येतो. परंतु हा आकडा लोकसमूहाचा आहे. तुमच्या मुलातला निम्मा भाग बापाकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरे असे की वारशात चोरी येत नाही. वारशात येतो तो पिंड : विचाराआधी हात उचलला जाणे, भीती कमी वाटणे, राग पटकन चढणे, एका जागी न टिकणे. हाच पिंड असलेली माणसे सैन्यात, कुस्तीच्या आखाड्यात आणि लांब पल्ल्याच्या ट्रकवर उत्तम निभावतात, हे तुमच्या घरात वेगळे सांगायला नको.

या संदर्भात ड्युनेडिनच्याच मुलांवरचे 2002 मधले एक संशोधन सांगण्यासारखे आहे. मेंदूतल्या काही रसायनांचे विघटन करणारे एक विकर असते. त्याचा जनुक काही जणांत जास्त, तर काही जणांत कमी काम करतो. अवशलोम कास्पी आणि सहकाऱ्यांना असे आढळले की कमी काम करणारा जनुक असलेला मुलगा जर मारहाण आणि छळ सोसत वाढला, तर पुढे त्याच्या हिंसक होण्याची शक्यता बरीच वाढते. पण तोच जनुक घेऊन शांत घरात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत तसे दिसत नाही. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, तरी अनेकांना एकत्र तपासल्यावर तो पुष्कळसा टिकला. एकच जनुक सगळे ठरवतो असे कोणीही म्हणत नाही. मला त्यातून सासूबाईंना सांगायचे आहे ते इतकेच की नातवाचा पिंड खरोखरच नाजूक असेल, तर घर कसे वागते याचे महत्त्व त्यामुळे वाढते. ‘रक्तातच आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

तुमच्या समासातल्या ओळीचे उत्तर इथेच देते, कारण तुम्ही ते ओझे चौदा वर्षे एकटीने वाहिलेले दिसते. गरोदरपणी तंबाखू घेणाऱ्या आयांच्या मुलांत असे वर्तन जास्त दिसते, हे खरे. पण त्याच आईच्या दोन मुलांची, एकाच्या वेळी तंबाखू घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली, तुलना केली तेव्हा हा संबंध फार कमी उरला. म्हणजे तो बहुतांशी तंबाखूचा नसून तंबाखूबरोबर येणाऱ्या गरिबीचा, ताणाचा आणि वारशाचा होता. मिश्रीने बाळाचे वजन घटते, म्हणून ती गरोदरपणी लावू नये, हे मी प्रत्येकीला सांगते. तुमचा मुलगा बहिणीचा गल्ला फोडतो याचे कारण ती मिश्री आहे, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

भावाने धरलेला मोबाइलही लगेच बाजूला ठेवते. रात्री दोनपर्यंत जागल्यावर कोणतेही मूल चिडचिडे होते आणि त्यासाठी नियम हवेतच. परंतु पहिलीतला दगड मोबाइलने मारलेला नव्हता.

वडिलांच्या मारहाणीचा परिणाम मात्र बाजूला ठेवता येत नाही. तुम्ही लिहिले आहे की कर्कटकाच्या प्रसंगानंतर मुलगा एकच वाक्य म्हणत राहिला, “त्यानं मुद्दाम धक्का दिला.” शिक्षकांचे म्हणणे, रांग पुढे सरकताना तो धक्का चुकून लागला. सगळ्यांनी मुलाला खोटे ठरवले. केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या आणि 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की घरात शारीरिक मार खाल्लेली मुले दुसऱ्याच्या वागण्यातला हेतू निराळ्या पद्धतीने वाचतात : धक्का मुद्दाम होता की चुकून, हे स्पष्ट नसेल तिथे त्यांना तो मुद्दामच दिसतो, आणि काही महिन्यांनी हीच मुले शाळेत जास्त मारामाऱ्या करताना आढळतात. ज्या घरात दाराची कडी वाजली की आज काय होणार याचा अंदाज बांधावा लागतो, त्या घरात असे वाचन शहाणपणाचेच असते. ते मुलाला मारापासून वाचवते. शाळेच्या रांगेत तेच वाचन त्याच्या हातात कर्कटक देते. तेव्हा तुमचा मुलगा बहुधा खोटे बोलत नव्हता, त्याला खरोखर हल्ला दिसला होता. दारू थांबून अडीच वर्षे झाली ही यजमानांची मोठी कमाई आहे आणि मुलासमोर तिचा उल्लेख व्हायला हवा, पण डोळ्यांना लागलेली ती सवय दारूबरोबर आपोआप जात नाही.

आता तुमच्या संध्याकाळविषयी, कारण लाड की संस्कार हा दीर आणि वर्गशिक्षक यांचा वाद तिथेच सुटतो. तुम्ही वर्णन केले आहे ते असे : सहा वाजता तुम्ही पोळ्यांना निघण्याच्या घाईत असता, तो शंभर रुपये मागतो, तुम्ही नाही म्हणता, तो आवाज चढवतो, तुम्ही जुन्या गोष्टी काढता, तो ताट आपटतो, शेजारच्या काकू खिडकीत येतात, आणि तुम्ही “घे आणि तोंड काळं कर” म्हणून नोट फेकता. ताट थांबते आणि घर शांत होते. महिन्याअखेरीस वडील येतात, हिशेब एकदम होतो आणि पट्टा निघतो.

जेराल्ड पॅटर्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ऑरेगॉनमधल्या यूजीन गावी आपली माणसे अशाच घरांत नेऊन बसवली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून कोण कोणाला काय म्हणाले आणि त्यानंतर काय झाले, याची क्रमवार नोंद त्यांनी केली. त्या नोंदींतून पॅटर्सन यांना जे दिसले ते तुमच्या सहा वाजताच्या प्रसंगात जसेच्या तसे आहे. ताट आपटल्यावर नोट मिळते, हे मुलगा शिकतो. नोट दिल्यावर आवाज थांबतो, हे आई शिकते. दोघेही एकमेकांना बक्षीस देत असतात आणि दोघांनाही ते कळत नाही. पुढच्या वेळी मुलगा थोडा आधी ताट उचलतो आणि आई थोडी लवकर नोट काढते. याला लाड म्हणणे चूक आहे, कारण त्यात कोणालाही माया मिळत नाही. आणि पट्ट्याला शिस्त म्हणणेही चूक आहे, कारण तो ताटानंतर येत नाही, ट्रक आल्यावर येतो. मुलाच्या दृष्टीने तो पावसासारखा आहे, आपल्या वागण्याशी त्याचा संबंध लागत नाही. घर कडक आहे की मऊ, यापेक्षा घरातला नियम आज आणि उद्या तोच आहे का, हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा ठरतो.

आता ती ओळ. तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे, “तिसरीत होता तेव्हा बाईंनी वाचायला उभं केलं की पोटात दुखतंय म्हणायचा, मग बाहेर उभा करायच्या, तिथंच खोड्या काढायचा.” आणि त्यापुढे लगेच कुडीची हकीकत आहे.

या ओळीवर मी बराच वेळ थांबले. ज्या मुलाला आठ वर्षांच्या वयात वाचायला उभे राहण्यापेक्षा बाहेर उभे राहणे बरे वाटते, त्याला कदाचित वाचताच येत नसेल. अक्षरे उलटसुलट होणे, जोडाक्षरावर अडणे, ओळ सुटणे, हे विशिष्ट अध्ययन अक्षमतेत होते. बुद्धी चांगली असूनही होते. एका जागी न बसणे, ऐकलेले अर्धे निसटणे, हातातून सगळे सांडणे, हे अवधान-अभाव व अतिचंचलतेत, ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात त्यात होते. वर्तनविकार असलेल्या मुलांत या दोन गोष्टी वारंवार सापडतात. तुमच्या मुलाची यासाठी एकदाही तपासणी झालेली नाही. तो आठवीपर्यंत वर चढत गेला, प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर, आणि नववीच्या पहिल्या चाचणीत पाच विषयांत नापास झाला. कुडी त्यानंतर पंधरा दिवसांनी विकली गेली. हा क्रम मी लावलेला नाही, तुम्ही लिहिलेल्या तारखांवरून लागतो.

संगतीचेही तसेच आहे. तुम्ही लिहिता, कारखान्याच्या वजनकाट्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या मोठ्या पोरांनी त्याला बिघडवले. पण त्याच पानावर असेही आहे की सहावीत वर्गातली मुले त्याला क्रिकेटमध्ये घेईनाशी झाली होती, कारण बाद झाला की तो बॅट फेकायचा. म्हणजे आधी मैदान बंद झाले आणि मग शेड उघडली. वाचनात मागे, मैदानात नको, घरी ताट आपटणारा, अशा मुलाला ज्या एकाच ठिकाणी “ये रे” म्हणतात तिथे तो जातो, आणि मग ती संगत स्वतःच एक जोरदार कारण होते. नियम मोडल्याची गोष्ट सांगितली की तिथे हशा पिकतो, आणि हसण्याइतके मोठे बक्षीस त्या वयात दुसरे नसते. शेडमध्ये व्हाइटनर, गुटखा किंवा आणखी काही चालते का, हे मात्र तपासायला हवे; चोरीचा पैसा कुठे गेला, हे तुम्ही लिहिलेले नाही.

यजमानांच्या आरोपाचे उत्तर देताना मला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागातली एक हकीकत सांगायची आहे, कारण असा प्रयोग कोणाला ठरवून करता येत नाही. जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी तिथल्या 1,420 मुलांना दरवर्षी भेटून त्यांच्या वर्तनाची नोंद करीत होते. त्यांत चेरोकी आदिवासींची मुले होती, बरीचशी गरीब. 1996 मध्ये, अभ्यास मध्यावर असताना, चेरोकींच्या वस्तीत कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातून प्रत्येक चेरोकी व्यक्तीला वर्षातून दोनदा रक्कम मिळू लागली. ही रक्कम कोणाच्या कर्तृत्वाने मिळाली नव्हती आणि तिच्याबरोबर कोणाचे रक्तही बदलले नव्हते. तरी ज्या मुलांची घरे त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली, त्यांच्यातली चोरी, मारामारी, उद्धटपणा यांची लक्षणे पुढच्या चार वर्षांत कमी होत गेली आणि कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी खाली आली. उदासी आणि चिंता यांत मात्र फरक पडला नाही. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा संशोधकांनी पैशाने नेमके काय केले हे शोधले होते : आईबापांना मुलाकडे पाहायला वेळ मिळाला होता. तो कुठे आहे, कोणाबरोबर आहे, किती वाजता येणार आहे, हे त्यांना ठाऊक असू लागले होते.

तेव्हा यजमान म्हणतात त्यात एवढे तथ्य आहे की संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत तुमचा मुलगा कोणाच्याच नजरेखाली नसतो. पण ती वेळ तुम्ही मौजेत घालवत नाही. दोघांच्या कमाईशिवाय घर चालत नाही म्हणून ती जाते. या तीन तासांचे काय करायचे हा घराचा प्रश्न आहे, तुमच्या मातृत्वाची परीक्षा नव्हे. सासूबाई, दीर आणि महिन्यातून येणारे यजमान यांनी तो मिळून सोडवायचा आहे. दम देण्याऐवजी दिरांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी पुतण्याला आपल्या दुकानात बसवले, तर मी त्याला मोठा उपचार समजेन.

दिरांच्या दोन्ही सूचना मात्र मला मान्य नाहीत, आणि त्या केवळ माझ्या मतावर अवलंबून नाहीत. भीती दाखवून सुधारण्याचा प्रयोग अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाला. 1970 च्या दशकात न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम भरवण्याची प्रथा सुरू झाली आणि ती पुष्कळ ठिकाणी उचलली गेली. नीट तुलना करून पाहिले तेव्हा दम खाल्लेल्या मुलांनी न खाल्लेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केल्याचे आढळले. हॉस्टेलचेही सावधपणे पाहा. ऑरेगॉनमध्येच टॉमस डिशन यांनी अडचणीतल्या मुलांना गटाने एकत्र आणून शिकवले, तर ती एकमेकांकडून भलतेच शिकली आणि त्यांचे वर्तन आणखी बिघडले. पत्र्याच्या शेडमधून काढून अशाच मुलांच्या मोठ्या शेडमध्ये ठेवल्यासारखे ते होते.

कुत्र्याची गोष्ट लिहून तुम्ही विचारले आहे, “याला काळीजच नाही का?” हा प्रश्न आमच्या शास्त्रातही आहे. काही थोड्या मुलांत पश्चात्ताप, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव आणि मायेची ओढ सर्वत्र आणि सतत कमी दिसते. त्यांच्या बाबतीत कारणांत पिंडाचा भाग जास्त असतो आणि शिक्षेचा उपयोग फारच कमी होतो. निदान करताना डॉक्टर हे स्वतंत्रपणे तपासतील, आणि कुत्र्याचा प्रसंग त्यांना लपवू नका. पण तुम्हीच लिहिले आहे की गल्ला फोडल्याच्या दुसऱ्या दिवशी बहिणीच्या दप्तरात दहा रुपयांचे चॉकलेट निघाले आणि कोणी ठेवले हे कोणी कबूल केले नाही. हेही डॉक्टरांना सांगा.

जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहतात. तिथे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जा. वाचन-लेखन, अवधान, ऐकणे, झोप, नशा आणि उदासी, या सगळ्यांची तपासणी मागून घ्या. उदासी मुद्दाम लिहिते आहे, कारण या वयाच्या मुलात ती रागाच्या रूपाने येते. वर्तनविकारावर नेमके असे औषध नाही, परंतु अतिचंचलता निघाली तर तिच्यावर चांगले औषध आहे आणि त्याने मारामारीही पुष्कळदा कमी होते. अध्ययन अक्षमता निघाली तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती मान्य आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तोपर्यंत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की तपासणी चालू आहे, अहवाल येईपर्यंत दाखल्याचा विषय थांबवावा. जाणे लांबत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते, आणि ते बोलणे तुम्ही स्वतःसाठीही करावे असे मला वाटते. यजमानांनी तुमच्यावर पुन्हा हात उचलला तर मात्र वाट पाहू नका. 181 या महिला मदतवाहिनीला कळवा, कारण तो मुलाच्याही उपचाराचा भाग आहे.

घरी एकच गोष्ट लगेच बदलता येईल. सहा वाजताच्या त्या नोटेसाठी आठवड्याची ठरावीक रक्कम रविवारी सकाळी, शांतपणे, वडिलांशी फोनवर ठरवून द्या, आणि मधल्या दिवसांत ताट आपटले तरी देऊ नका. पहिल्या आठवड्यात ताटे जास्त आपटली जातील. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी जोराने करून पाहते. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवा. त्याच आठवड्यात त्याने न सांगता केलेले एखादे काम, सिलिंडर उचलून दिला, बहिणीला शाळेतून आणले, ते नाव घेऊन बोलून दाखवा. जुन्या चुकीची शेपटी त्याला न जोडता.

तपासणीला जाताना सासूबाईंना बरोबर न्या, कारण वडिलांचे लहानपण त्यांनाच ठाऊक आहे. तेही तिसरीत वाचायला उभे राहिले की काय करीत, हे डॉक्टरांना विचारू द्या. आणि मुलाच्या तिसरी-चौथीच्या वह्या रद्दीत गेल्या नसतील तर शोधून पिशवीत घाला.

तुमची,
सदरलेखिका